गाळलेली ओळ

‘वेल्…’ एवढंच बोलला आणि पुन्हा गप्प झाला.

मी टेबलावर हात आपटला. “अरे बोल की मुडद्या!”

पुढचं ‘कम’ त्याच्या तोंडून का निघत नव्हतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मला दिसत नाही. लहानपणी तापात डोळे गेले ते गेलेच. पडद्यावर लिहिलेलं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरमध्ये असतो, त्याला मी बोलका म्हणते. बोलका बोलत असला की टायपिंगमध्ये मी कुणाला ऐकत नाही. तो गप्प बसला की समोर नुसता पत्र्याचा डबा.

त्याचं तोंड बंद केलं होतं वज्रेक्सनं. हा अँटिव्हायरस माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, घातलेला. मामा जाऊन दोन वर्षं झाली होती, वज्रेक्सची मुदतही कधीच संपली होती, पण मेल्याची राखणदारी काही संपत नव्हती. मी बोलक्याची नवी आवृत्ती घातली, तर ह्याला वाटलं घरात चोरच शिरला. दिसला की हाण, दिसला की हाण. शेवटी सकाळी मी म्हटलं, बास, आज ह्याला हाकलायचाच. काढून टाकायचं बटण दाबलं, निम्मं काम झालं आणि लाइट गेली. आमच्या गावात, विट्यात, तेव्हा भारनियमन असायचं, पण आमची पाळी दुपारची. नेमकं त्या दिवशी त्यांना सकाळीच सुचलं. यूपीएसची बॅटरी बसलेली, ती आज बदलू, उद्या बदलू म्हणत तशीच राहिलेली.

लाइट आली तेव्हा वज्रेक्स निम्मा गेला होता आणि निम्मा उरला होता. असं झालं की काढायच्या प्रोग्रॅमच्या यादीतूनही तो उडतो, म्हणजे आता सरळ मार्गानं काढायची सोय नाही. आणि उरलेला निम्मा बोलक्याचाही गळा धरून बसला होता आणि इंटरनेटचाही.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायची. एक महिना काम बघू, मग ठरवू, असं म्हणून घेतलेलं. तो महिना त्या दिवशी संपत होता. मी कीर्तने मॅडमना फोन लावला.

“मॅडम, कॉम्प्युटरला थोडा प्रॉब्लेम झालाय. आजची फाइल उद्या सकाळी दिली तर?”

“वैजयंता, मागच्या आठवड्यात पण असंच झालं होतं.”

“हो, पण तेव्हा...”

“हे बघ, मला वरती उत्तर द्यावं लागतं. तुला घेताना मी भांडले होते. पाचपर्यंत पाठव. नाही आली, तर उद्यापासून मी काम दुसऱ्याकडे देईन. वाईट वाटून घेऊ नकोस.”

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! एक रिपोर्ट टाइप व्हायचा होता आणि सगळे पाठवायचे होते. नवऱ्याला, सूर्यकांतला, फोन लावला तर बंद. साखर कारखान्यात बॉयलरवर गेला की त्याचा मोबाइल कपाटात. नेट कॅफेत जावं तर तिथले कॉम्प्युटर माझ्याशी बोलणार नव्हते.

नुसत्या पगाराचं असतं तर मी एवढी घाबरले नसते. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून मी एकच वाक्य ऐकत होते, “राहू दे, मी करते.” चहा टाकायला उठले, राहू दे. भाजी निवडायला घेतली, राहू दे. माझ्या सासूबाई मायाळू होत्या, आवाज चढवून कधी बोलल्या नाहीत, पण मला कशाला हात लावू देतील तर शपथ. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. तर ह्या आत्यांच्या घरात माझ्या हातानं होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही नोकरी. ती गेली की मी पुन्हा पाटावर बसवलेली पाहुणी.

“काय झालं गं?” दारातून आत्यांचा आवाज आला.

“काही नाही.”

“काही न्हाई कसं? मघापासनं आपटाआपटी चाललीय.”

खरं सांगितलं तर म्हणतील, राहू दे, सूर्या आल्यावर बघेल. आणि सूर्या येणार सातला.

“आत्या,” मी शेवटी म्हटलं, “तुम्हाला इंग्लिश अक्षरं ओळखता येतात का हो?”

“ए बी सी डी न्हाई येत.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “क्यू डब्ल्यू ई आर टी येतं.”

एवढ्या घाबरगुंडीतही मला हसू आलं. मामांचा टायपिंगचा क्लास होता, बाजारपेठेत, वरच्या माळ्यावर. आत्या रोज सकाळी जाऊन सगळ्या टाइपरायटरची बटणं फडक्यानं पुसायच्या. त्या बटणांवर जशी अक्षरं, तशीच त्यांना पाठ. लहान लिपीही पोरांच्या सरावाचे कागद बघून बघून ओळखीची झालेली. शब्द वाचता येत नव्हता, पण एकेक अक्षर सांगता येत होतं. मला तेवढं पुरेसं होतं.

“मग बसा माझ्याशेजारी. पडद्यावर काय आलंय सांगा.”

मी अंदाजानं वज्रेक्सच्या फोल्डरपर्यंत गेले आणि डिलीट दाबलं. टुंग असा आवाज आला.

“सी ए एन एन ओ टी,” आत्या एकेक अक्षर दाण्यासारखं वेचून सांगायला लागल्या. “मग जागा सोडलीय. डी ई एल...”

“पुरे. कळलं. पुसता येत नाही म्हणतोय. तो चालू आहे ना, चालू असताना कसा जाईल!”

मग सेफ मोडमध्ये जाणं आलं. तिथं कॉम्प्युटर अगदी गरजेपुरता उठतो, वज्रेक्ससारख्या आगंतुकांना उठवत नाही. पण तिथं आवाजही नसतो. म्हणजे शत्रू झोपलेला आणि आपण बहिरे. सुरू होताना मी वरच्या ओळीतलं ठरलेलं बटण दाबत राहिले, बाण फिरवले, आत्यांना विचारत विचारत आत शिरले.

“सगळं काळं झालंय गं,” आत्या घाबरल्या. “चारी कोपऱ्यांत तेच लिहिलंय. एस ए एफ ई.”

“बरोबर आहे. तसंच असतं.”

फोल्डरांची यादी उघडली. मी बाणाचं बटण दाबत खाली खाली जात होते. “आलं का वज्रेक्सवर?”

“हं, आलं.”

मी डिलीट दाबलं. चौकट आली असणार. नशीब माझं, की एंटर दाबायच्या आधी मला विचारायची बुद्धी झाली. “त्यात काय लिहिलंय?”

आत्यांनी अक्षरं सांगितली आणि मी बटणावरून हात झटकन काढला. तो बोलक्याचा फोल्डर होता. एंटर दाबला असता तर बोलका कायमचा गेला असता.

“अहो आत्या! हा नव्हता!”

“त्याच्या खालीच तर होता. मला वाटलं तोच.”

“असं नाही चालायचं. आता नीट ऐका. निळी पट्टी जिथं असेल तिथलं नाव मोठ्यानं वाचायचं. नुसतं हं नाही म्हणायचं. तुम्ही नाव वाचल्याशिवाय मी पुसणार नाही. तुम्ही वाचलंत की मी पुसणार.”

“मी वाचलं की तू पुसणार,” आत्यांनी घोकून घेतलं.

ह्या पद्धतीनं काम झटक्यात झालं. आत्यांनी व्ही ए जे आर ई एक्स वाचलं, चौकटीतलंही वाचलं, मी एंटर दाबला. “गेला,” आत्या म्हणाल्या. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि कान लावून बसले.

‘वेल्…’ आणि गप्प.

“अजून कुठंतरी आहे,” मी म्हटलं. “किती वाजले?”

“तीन वाजायला आलेत.”

पुन्हा सेफ मोड, पुन्हा काळा पडदा. असले प्रोग्रॅम प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरातही थोडं थोडं बस्तान ठेवतात. मी ती यादी उघडली आणि एकेक बाण दाबायला लागले.

“काय आहे?”

“ए डी एम आय एन...”

“बास. पुढचं?”

“ए डबल एल. जागा. यू एस ई आर एस.”

“हं. ह्याच्यात बघू नंतर. पुढचं?”

आत्या गप्प.

“पुढचं काय आहे?”

“काही न्हाई. पुढं चल.”

मी बाण दाबला.

“व्ही ए आय जे यू. हे तुझं.”

“झालं?”

“झालं.”

सगळ्यांच्या सामाईक फोल्डरात वज्रेक्सचं बिऱ्हाड सापडलं. माझ्या नावाच्या फोल्डरात तर फिकट रंगातलं सापडलं. “हे असं पुसट का दिसतंय?” आत्यांनी विचारलं. मी म्हटलं, लपवलेलं आहे म्हणून. दोन्ही पुसलं. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. आता मात्र बोलणारच अशी माझी खात्री होती.

‘वेल्…’

मला ओरडावंसं वाटलं. मी परत फोन उचलला आणि सूर्यकांतला लावला. बंद. कीर्तने मॅडमना काय सांगायचं तेही मनात जुळवायला लागले. मॅडम, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, आभारी आहे. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, राहू दे, राहू दे, राहू दे.

“राहू दे आता,” आत्या खरंच म्हणाल्या. “सूर्या आला की...”

“राहू दे म्हणू नका!” मी कडाडले. सासूवर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. “तुम्हाला काय, राहू दे म्हटलं की झालं! ह्या घरात मला दुसरं काय आहे? सगळं तुम्ही करता. हे एकच माझं आहे. ते गेलं तर मी दिवसभर करायचं काय, भिंतीला टेकून बसायचं?”

आत्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. म्हणाल्या, “चालू कर. परत वाचते.”

तिसऱ्यांदा आत गेलो. तीच यादी.

“आता एक ओळसुद्धा गाळायची नाही,” मी बजावलं. “काही नाही असं म्हणायचं नाही. ओळ रिकामी नसतेच. पट्टी आहे म्हणजे काहीतरी लिहिलेलं आहे.”

“ए डी एम आय एन.”

“पुढं.”

“ए डबल एल.”

मी बाण दाबला. आत्या गप्प.

“वाचा.”

भिंतीवरचं घड्याळ तेवढं टकटकत होतं.

“आत्या, वाचा ना! वेळ चाललाय माझा!”

उठून गेल्या की काय असं मला वाटलं. मग शेजारी सळसळ झाली. पदर डोक्यावर ओढून घेतल्याची सळसळ, ती मला नीट ओळखता येते. आणि मग बारीक आवाजात, पण एका दमात, आत्या म्हणाल्या,

“टाइपरायटर पुसता पुसता शिकले क्यू डब्ल्यू ई आर टी,
रंगरावांचं नाव घेते सुनेच्या नोकरीसाठी.”

माझा हात बटणावरच राहिला.

“घेतलं,” त्या म्हणाल्या. “आता पूस.”

मला पहिल्यांदा काही उमगेचना. मग एकदम सगळं कळलं. मामांचं नाव रंगराव. आत्यांनी ते उभ्या जन्मात तोंडानं उच्चारलं नव्हतं. बँकेत कुणी विचारलं तर सूर्यकांतला कोपरानं ढोसायच्या, सांग की. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, लग्नात नाहीतर हळदीकुंकवाला, चारजणी मागं लागल्यावर. आणि मामा गेल्यापासून त्यांना नाव घ्या म्हणणारं कोण होतं? विधवा बाईला कुणी नाव घ्या म्हणत नाही. हळदीकुंकवालाच बोलवत नाहीत.

“मघाशी पण हेच होतं?” मी विचारलं.

“व्हय.”

“मग का नाही सांगितलंत? ह्यांचं आहे एवढं जरी म्हणाला असतात...”

“मी वाचलं की तू पुसणार, असं तूच म्हणालीस. सूर्यानं मागं एकदा पुसलंच होतं. आधी चालू केलं की पडद्यावर त्यांचं नाव यायचं, शेजारी बदकाचं चित्र. मी झाडायला आले की बघायची. एक दिवस बघितलं तर बदक पण न्हाई नि नाव पण न्हाई, नुसती तू. मी काही बोलले न्हाई. कॉम्प्युटर तुम्हा लोकांचा. आज बघितलं तर आत हायेत अजून. म्हटलं, असू देत हितं, कुणाला दिसत न्हाईत तर. पण तुझी नोकरी निघाली जायला. मग काय करायचं? पूस.”

मला रडूच आलं, आणि रडायला वेळ नव्हता. नाक ओढत मी म्हटलं, “अहो आत्या, हे नाही पुसायचं.”

“न्हाई?”

“नाही. ह्याच्या आत जायचंय. मामांनीच वज्रेक्स घातला होता ना, म्हणजे त्यांच्या फोल्डरात त्याचं मूळ असणार. तेवढं काढायचं. मामांचं सगळं जसंच्या तसं राहील.”

“नाव पण?”

“नाव पण. तुमच्या गळ्याशपथ.”

आत्यांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला, की माझ्या गालाला वारा लागला. “मग आधी न्हाई का सांगायचं, भवाने!” त्या म्हणाल्या. मला त्या घरात पहिल्यांदाच कुणी शिवी दिली होती, आणि सांगते, मला ती फार गोड लागली.

रंगरावांच्या आत गेलो. आता आत्या एकही अक्षर सोडत नव्हत्या. फिकट फोल्डर आला, त्याच्या आत व्ही ए जे आर ई एक्स. डिलीट दाबल्यावर आलेली चौकट त्यांनी अगदी शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत वाचली, आणि मी एंटर दाबायला गेले तसं माझं मनगट धरलं.

“थांब. परत एकदा बघू दे.” पुन्हा अक्षर न् अक्षर लावलं. “हं. वज्रेक्सच हाय. दाब.”

दाबलं. एक पायरी वर येऊन विचारलं, “मामा आहेत?”

“हायेत,” आत्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर बंद केला. चालू केला. पंख्याची घरघर सुरू झाली. आत्यांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. विंडोजची धून वाजली. मग काही क्षण काहीच नाही, आणि मला वाटलं, संपलं सगळं.

‘वेल्कम,’ बोलका म्हणाला. ‘डेस्कटॉप.’ आणि पुढं बडबडतच सुटला, जणू सकाळपासूनचं साठवून ठेवलं होतं.

“बोलला!” आत्या ओरडल्या. त्यांनी त्याचा आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. मी कायम कानाला हेडफोन लावून बसायची. त्या दिवशी गडबडीत तो लावायचं राहून गेलं होतं.

इंटरनेटही सुटलं होतं. उरलेला रिपोर्ट मी असा टाइप केला, की आयुष्यात तसा पुन्हा केला नसेल. कुणाच्या तरी मूतखड्याचा होता. पाच वाजत आले असताना फाइल गेली. फोन वाजला, तो मी पहिल्याच रिंगला उचलला.

“मिळाली,” कीर्तने मॅडम म्हणाल्या. “उद्याच्या फाइली सकाळी पाठवते.”

“उद्याच्या?”

“का? नको आहेत?”

“हव्यात! हव्यात मॅडम!”

फोन ठेवला आणि मी खुर्चीतच ढिली पडले. आत्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. म्हणाल्या, “चहा टाकते.” मग तिथंच थांबल्या. “न्हाईतर तू टाकतेस?”

मी टाकला. जरा उतू गेला. त्यांनी ओटा तेवढा पुसला.

कपबशी घेऊन आत्या पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसल्या. चहा फुंकत फुंकत, सहज विचारल्यासारखं करत म्हणाल्या, “हा तुझा बोलका, लिहिलेलं काही पण वाचतो?”

“काहीही वाचतो.”

“कुणाचं नाव असलं तरी?”

मी पुढं काही विचारलं नाही. यादी उघडली, दोनदा बाण दाबला आणि त्या ओळीवर थांबले. बोलका आपल्या त्या विलायती थाटात, सपाट आवाजात म्हणाला, ‘रंगराव.’

कपबशी वाजली. आत्यांनी ती खाली ठेवली. मग म्हणाल्या, “परत.”

‘रंगराव.’

तो कॉम्प्युटर आता भंगारात गेला. त्यानंतर दोन बदलले. नोकरी अजून तीच आहे, आता मी नव्या मुलींना शिकवते. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर मी सगळ्यात आधी तो फोल्डर नेते. आत मामांच्या सरावाच्या चार फाइली आहेत, दुसरं काही नाही. आत्यांना आता नीट दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी. पण दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना त्या माझ्या लॅपटॉपला हळदीकुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात, मग पदर डोक्यावर ओढून घेतात आणि त्याला फर्मावतात, “हं, घे नाव.”

मी बटण दाबते.

‘रंगराव,’ बोलका म्हणतो.

“बघ की,” आत्या दरवर्षी तेच म्हणतात, “ना लाज ना उखाणा, सरळ नावच घेतंय मेलं. अजून एकदा दाब गं.”